कडता

बावीस वर्षं झाली, वसमतच्या मोंढ्यात मापाची वही लिहितो.
हळदीचं पोतं काट्यावर चढतं,
पोत्यामागं कडता कापायचा, उरलेलं मांडायचं.
माल आणणारा बघत राहतो, बोलत नाही.
त्यामुळं चारशे नव्व्याण्णवचा बोर्ड दिसला
तेव्हा मलाच हसू आलं.
म्हटलं, हे तर आपल्याच धंद्यातले.
एक रुपया कापला, तोही स्वतःच्याच बाजूचा,
गिऱ्हाइकाला वाटावं, पाचशेच्या आत सुटलो.

वर अठरा टक्के.
पाचशे अठ्ठ्याऐंशी रुपये, ब्याऐंशी पैसे.

मुनिमाच्या पगारात ते एकट्यानं बसंना.
तीन घरांत घेतलं.
मधलं घर माझं, म्हणून राउटर माझ्या खिडकीत.
डावीकडं गंगासागरबाई, उजवीकडं तहसीन भाभी.
जोडायला आलेल्या पोरानं खांबावरून पिवळी वायर ओढली,
दोऱ्याएवढी.
म्हणाला, काका, हिच्यातून उजेड पळतो, लई वाकवू नका.
मी माझ्या बाहीकडं बघितलं.
दिवसभर हळदीत बसून तीही तेवढीच पिवळी,
पण उजेडबिजेड काही नाही.

घरटी एकशे शहाण्णव रुपये सत्तावीस पैसे.
तिनानं गुणलं की एक पैसा कमी पडतो.
तो माझ्याकडं लागू, म्हणालो.
गंगासागरबाई म्हणाल्या,
मुनीम, जपून, दानधर्मानं खंगून जाल.

मग रात्रीचं असं व्हायचं:
बाईंचा नातू चाकणच्या खोलीतून दिसायचा,
बोलता बोलता थिजायचा, तोंड उघडं, घास अर्धा,
आणि त्या फोनला म्हणायच्या, गीळ की रे आधी.
पलीकडं मुजम्मिल पॉलिटेक्निकचा एकच तास
मागं नेऊन नेऊन ऐकायचा.
तीन फेज मोटारीचं सगळं गणित
भिंतीतून मलाही अर्धंमुर्धं पाठ झालं.

पोळ्याच्या आसपास भाभींच्या घरचा टेंपो गॅरेजात पडला.
इंजिनचं काम, पाऊण लाख.
वहीत त्यांच्या नावापुढं रेघ आली.
पुढच्या महिन्यात रेघेखाली रेघ.
मी काही बोललो नाही.
बोललो असतो तर बरं झालं असतं.

मी पासवर्ड बदलला.
रात्री, घर झोपल्यावर,
काट्यावर मापं ठेवावीत तसा एकेक आकडा दाबून.

सकाळी नळावर भाभी भेटल्या.
आठ दिवसांनी पाणी, तेही बारीक, म्हणाल्या.
दुसरं काही नाही.
माझी घागर अर्धी असतानाच मी उचलली.
मुजम्मिल पायरीवर वही घेऊन बसलेला,
मोटारीचं चित्र काढत होता, आठवून आठवून.

पंधरवडा गेला. सहज ॲप उघडलं.
जोडलेले फोन: पाच.
घरातले दोन, गंगासागरबाईंचे दोन.
पाचव्याचं नाव नुसतं एम.
समोर प्रणाली जेवत होती.
तिनं भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला,
बुडवतच राहिली.
"पप्पा, किती दिसायलेत?"
मापाची वही खोटी लिहू नये, हे मला
माझ्या आधीच्या मुनिमानं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
"चार," म्हणालो.
तिनं घास तोंडात घातला.

आज मेसेज आलाय.
पुढच्या महिन्यापासून पाचशे नव्व्याण्णव.
वर तेच अठरा टक्के, सातशे सहा रुपये ब्याऐंशी पैसे.
भिंतीपलीकडं मोटार फिरायलीय,
मास्तर सांगतोय, कुठलीही दोन टोकं बदला, ती उलटी फिरेल.
बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी भागाकार केला,
तिनानंच.
या खेपेला दोन पैसे उरतात.